आर्द्रतेची वही

सुमीच्या संग्रहालयात, तळघरात,
झिनोविया दर तासाला आकडा लिहिते.
आर्द्रता एकसष्ट. बासष्ट.
वीज गेली. टॉर्च दातांत धरून: चौसष्ट.

वर भिंतींवर नुसते खिळे,
आणि चित्रांच्या मापाचे फिकट चौकोन.

काल एक पोरगा आला, गणवेशातला,
बुटांचा चिखल दारातच खरवडत.
आजीच्या हातचं भरतकाम इथं दिलंय म्हणाला,
लाल कोंबड्यांचं. बघून जातो.

तिनं पेटी उघडली.
‘हात लावू नये,’ पाटीसारखं बोलून गेली,
आणि मग बराच वेळ
दोघंही एका सुटलेल्या टाक्याकडे
बघत राहिली.

भोंगा झाला. तो गेला.

वहीत त्या तासापुढे आकडा नाही.
लिहिलंय:
कोंबडे तेरा. सगळे आहेत.