पिवळा भाग

शारजा नगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे
मी नकाशे रंगवतो.
कुटुंबवस्ती पिवळी, गोदामं करडी,
शाळा गुलाबी, मशिदींना हिरवा ठिपका.
शहर वाढतंय, रंग पुरत नाहीत,
दर ईदनंतर एखादी नवी छटा शोधावी लागते.

या खेपेचा ठराव पिवळ्याचा:
पिवळ्यात सडे राहणार नाहीत.
एकटे पुरुष, दोन असोत की दहा,
एकटेच धरावेत.

माझं लग्न झालंय. वैशाखात, आरवलीला,
बँडवाला उशिरा आला म्हणून सासरे अजून बोलतात.
दोन मुली. धाकटीचे पुढचे दात पडलेत.
पण ती तिघं शिरोड्याला आणि मी इथे,
म्हणजे नगरपालिकेच्या हिशेबी मी सडा.
सडाफटिंग म्हणाले असते तरी चाललं असतं,
त्या शब्दात निदान थोडं उंडारणं आहे.
आम्ही उंडारतो कधी? शुक्रवारी, कपडे धुऊन झाल्यावर,
खाडीपर्यंत. आणि परत.

नोटीस अरबीत होती.
हर्णैच्या दिलावर मुकादमनं जिन्यात उभं राहून वाचली.
"उझ्झाब," म्हणाला, "म्हणजे आपण.
यातला उकार काढला की अझाब.
ते पण आपणच."
सातजण हसलो. आठवा भास्करन
रात्रपाळीहून येऊन झोपला होता,
त्याला उठवून सांगितलं, मग तोही हसला.

सोमवारी ती रेघ माझ्याच टेबलावर आली.
पडद्यावर आमची बिल्डिंग नखाएवढी.
गच्चीवर पाण्याच्या टाक्या, चार पांढरे ठिपके,
तिसऱ्या टाकीला बांधलेली आमची दोरी
उपग्रहाला दिसत नाही.
रेघेच्या आत आम्ही अकरा मीटर.
अकरा मीटर म्हणजे बोटाचा एक झटका.

दिला.
खोटं कशाला सांगू, दिला झटका.
मग पाहिलं, आमच्यासोबत
कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉटही पिवळ्याबाहेर पडला होता.
तिथे बालोद्यान मंजूर होतं, दोन झोके, एक घसरगुंडी;
पिवळं नसेल तिथे झोके बसत नाहीत.
शेजारच्या सिरियन बाईची तीन पोरं
त्या प्लॉटात रोज पत्र्याचा डबा लाथाडतात.
मागून उसामासाहेब म्हणाले,
"गवस, आकृती बंद होत नाहीये."
मी बंद केली.
खोलीवर कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी गाद्या खाली उतरवल्या.
फूटपाथ नवा होता, तोही मीच काढलेला,
चाकाच्या खुर्चीसाठी उतार, एकास बारा.
भास्करनचा फ्रिज त्यावरून
असा अलगद गेला
की दिलावर म्हणाला, वा, काम चोख झालंय.
मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
घाफच्या झाडाला नळी होती आणि आकडा होता, चारशे बारा.
त्याच्या सावलीत आठ गाद्या मावल्या नाहीत,
सहा मावल्या.

आता राहतो गोदामांच्या पलीकडे, करड्यात.
बसला पाऊण तास लागतो.

परवा तक्रार आली, पिवळ्या भागातून:
पहाटे रोटी मिळत नाही,
तंदूरवाला अफगाण गाशा गुंडाळून गेला.
जाणारच. पहाटे पाचला रोटी
आम्हीच तर घ्यायचो, आठ जणांच्या सोळा.
शेऱ्यात लिहून आलंय: बेकरी प्रस्तावित, जागा सुचवावी.

जागा मला ठाऊक आहे. बिंदू ठेवलाय.
रंग कुठला द्यायचा
ते अजून उसामासाहेबांनी सांगितलेलं नाही.
आणि रोटी भाजणारा रात्री कुठे झोपेल
असा रकाना
त्या तक्त्यात नाही.