सुटी कळ

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, इद्रीसच्या भंगारात
तो किलोवर मिळाला. दोन किलो आठशे.
इद्रीसने फक्त आतल्या लोखंडी पट्टीचे पैसे लावले,
प्लास्टिक, म्हणाला, असंच ने.

एकशे चारपैकी एकसष्ट कळा जाग्यावर.
बाकीच्या जागी खड्डे, आणि खड्ड्यांत
कुणाच्या तरी डब्यातला शेंगदाण्याचा तुकडा,
गंजलेली टाचणी,
एक लांब पांढरा केस.

मी टूलरूममधला माणूस. तेहेतीस वर्षं
मायक्रॉनच्या हिशेबात गेली.
रिटायर झाल्यावर बरोबरीचे योगवर्गाला लागले,
मी ओट्याशी बसलो.

स्प्रिंगसाठी सतारीची तार आणली दादरहून.
दुकानातल्या मुलाने विचारलं, घरात कोण वाजवतं?
म्हटलं, बघू.
विणायच्या सुईवर अकरा वेढे घट्ट ओढून घेतले.
हात काढला की तार थोडी उलगडते,
म्हणून सुई आधीच एक नंबर बारीक घ्यायची.
हे लक्षात यायला तीन मीटर तार गेली.

टक् म्हणणारी पत्ती मात्र जमेना.
गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून पाहिली, किणकिणली.
फीलर गेजचं पान लावलं, ते मुकंच.
शेवटी माहीमच्या जत्रेतल्या पत्र्याच्या बेडकाचं
पोट उघडलं.
त्यात होती.

मग टोप्या. त्यांच्यावर अक्षर छापलेलं नसतं,
आरपार असतं.
आधी पांढरं अक्षर ओतायचं, मग भोवतीने तपकिरी.
वरून कितीही घासा, खाली तेच अक्षर निघतं.
रेझिनमधले बुडबुडे दाबायला आमचा पाच लिटरचा कुकर,
शिटीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह.
शुभदा म्हणाली, यात आता डाळ शिजायची नाही.
नवा कुकर आला, बोलणं आठवडाभराने आलं.
मुंबईची हवा रेझिनला मानवत नाही:
अख्खा ऑगस्ट टोप्यांना मोतीबिंदू.
'ण'चा एक पाय बुडबुड्याने खाल्ला.
'ऱ' सात वेळा ओतला. सातवाही
जरा डावीकडे झुकलेला आहे. ठेवला तसाच.

परवा मरोळहून फिलोमिना कोरिया आल्या.
प्रभादेवीच्या छापखान्यात एकोणीस वर्षं रात्रपाळी,
याच जातीच्या कळफलकावर
मतदार याद्या, पंचांगं, निविदा, वर्षश्राद्धाच्या चौकटी.
चहा बाजूला सारला. डोळे मिटले.
अनामिकेने माझी एक कळ दाबली.
सोडली. पुन्हा दाबली.
मी निकालाला उभ्या पोरासारखा फ्रिजला टेकून.

"तसाच आहे का हो आवाज?"

"काय सांगू? आम्ही सोळा जणी एका खोलीत.
वर एसीची घरघर, दारात प्रूफवाला बोंबलतोय.
एकटी कळ कशी वाजते
ते आज ऐकलं मी."

दीड वर्ष. सतारीच्या तारेची चार वेटोळी,
एक कुकर, एक बेडूक,
आणि हुबेहूब केलं काय,
तर कुणीच न ऐकलेलं.
हसू येत होतं, पण आधी घसा खाकरावा लागला.

तोवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.
एकसष्ट जुन्या, सदतीस माझ्या, सहा खड्डे अजून तसेच.
वायर कशालाच जोडलेली नव्हती,
टेबलाच्या कडेवरून लोंबत होती नुसती.
त्या लिहीत सुटल्या.
टोपी नाही तिथे बोट नेमकं खड्ड्यात उतरे,
दाबून वर येई, जणू तिथे आहेच काही.
जुन्या कळा जरा खर्जात, माझ्या जरा कोवळ्या.
मी बोटांवरून अक्षरं जुळवू गेलो,
चौथ्या शब्दाला मागे पडलो.

"काय लिहिताय?"

"कळ काढा जरा," डोळे न उघडता म्हणाल्या,
"ओळ संपू दे."