एवढासाच निळा

यालमार फ्रीस यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
त्या हिवाळ्यात, खाणीच्या प्रयोगशाळेत,
मला नोकरी लागली निळा रंग बघण्याची.

बाकी सगळं त्यांना जमत होतं.
खनिजाची पूड पाव ग्रॅम तोलणं,
आम्लात ती विरघळेपर्यंत उकळणं,
कथिलाचे थेंब, मग पाऱ्याचा क्षार,
रेशमासारखा पांढरा साका धरला की
मान हलवणं : लोखंड तयार.
तयार म्हणजे
एकेक इलेक्ट्रॉन सोडायला राजी.

ब्युरेटमध्ये सेरियम, पिवळंजर्द.
फ्लास्कमध्ये पडलं की रंग टाकून देणारं,
जणू घेतलेलं लपवायचं आहे.
खाली फेरोइनचा तांबडा. तो तांबडा विझून
फिकट निळा झाला की लोखंड संपलं.
आणि नेमका तेवढाच निळा
यालमारांच्या पिवळट काचेआड बुडालेला.
ते तोटी धरत, मी म्हणायची, "थांबा."

"परमँगनेट तापट," ते सांगायचे,
"उजेड पाहिला की बिघडतं, मिठाच्या आम्लाशी भांडतं.
ही बाटली बघ. तीन वर्षं खिडकीत उभी
आणि ताकद तितकीच.
माणसं अशी मिळाली असती
तर मी रसायनशास्त्र कशाला शिकलो असतो?"
मी सतरा वर्षांची होते.
हसावं की नाही, कळायचं नाही.

एकदा त्यांनी कपाटातून दगड काढून
माझ्या तळहातावर ठेवला. बास्तनेसचा,
मळकट तांबूस, आकाराच्या मानाने फारच जड.
"लोखंड नाही म्हणून खाणकरी हा
शिव्या घालून फेकायचे.
याच्यातच सेरियम निघालं.
कचरा म्हटलं ज्याला
त्याच्याच हाती आता लोखंडाची तागडी."

मार्चमध्ये जर्मन गिऱ्हाइकाचं पत्र आलं :
छप्पन्न टक्क्यांच्या खाली खनिज घेणार नाही.
माझे बाबा तिसऱ्या पातळीवर
ड्रिल धरायचे. घरी त्या आठवड्यात
कुणी मोठ्याने बोललं नाही,
बटाटेसुद्धा हळू सोलले गेले.

तो नमुना आला.
तांबडा डळमळला, विझला,
निळा आला.
मी गप्प.
एक थेंब.
दोन.
तीन.
"थांबा."

भिंग लावून त्यांनी रेषा वाचली,
पंचवीस पूर्णांक एक. गुणाकार पाठच होता :
छप्पन्न आणि वर चिमूटभर.
ते काही म्हणाले नाहीत.
दुसरा फ्लास्क पुढे ओढला.
"पुन्हा."

पुन्हा तेच करता आलं असतं.
पण थेंब मोजायला जीभ स्थिर लागते,
आणि माझी कोरडी पडली होती.
या वेळी "थांबा" वेळेवर निघालं.
चोवीस पूर्णांक पंच्याण्णव.
"पुन्हा."
चोवीस पूर्णांक पंच्याण्णव.

त्यांनी वहीत तिन्ही आकडे लिहिले,
पहिल्यावर रेघ मारली,
समासात एकच शब्द : थेंब लोंबकळला.
ब्युरेटच्या टोकाला थेंब लोंबकळतात, खरं आहे.
त्या दिवशी एकही लोंबकळला नव्हता.

खाण पुढे दोन वर्षं चालली,
दुसऱ्याच कुठल्या गिऱ्हाइकावर.
बाबांना शेवटपर्यंत मी सांगितलं नाही,
आणि सांगण्यासारखं तरी काय, तीन थेंब.

वेस्तेरोसला यालमारांचा डोळा उघडला
तेव्हा म्हणे ते रुग्णालयाच्या खिडकीपाशी
तासभर उभे होते. तळं बघत.
परत आल्यावर कोट न काढताच
त्यांनी फ्लास्क मागितला. मी थेंब सोडले.
ते वाकले, नाक जवळजवळ काचेला टेकवून.

"एवढासाच निळा?"
"एवढासाच."
"एवढ्यावर थांबवायचीस तू मला?"
"हो," मी म्हणाले. "एक दिवस सोडून."

त्यांनी चष्मा पुसला,
जो आता त्यांना लागत नव्हता,
आणि म्हणाले, बाहेर बर्फ वितळतोय,
दार नीट लावून घे,
तराजूचा शून्य हलतो.