एकेचाळीस युनिट

परिपत्रक आलं : वीज जपून वापरा.
गिम्हवणेकर कारकुनांनी ते व्हरांड्यात चिकटवलं.
डिंक कमी पडला, म्हणून त्याचा एक कोपरा
पंख्याच्या वाऱ्यावर दिवसभर फडफडत राहिला.

मला वाटलं, घ्यावं हे गणिताच्या तासाला.
नाहीतरी आमच्या सातवी ब ला
वजाबाकी म्हटलं की हातचा घ्यायचा आळस.

मीटर जिन्याखाली, जळमटांत.
शनिवारी शाळा सुटताना
यल्लप्पाने टाचा उंचावून आकडा वाचला,
दुर्वाने लिहून घेतला.
दिवे बंद, पंखे बंद, पाण्याचा पंप बंद.
पाष्टेमामांनी तर गळ्याची शपथ घेतली.

सोमवारी प्रार्थनेआधी पुन्हा आकडा.
करा वजा.
एकेचाळीस.
पुन्हा करा, हातचा नीट घेऊन.
एकेचाळीस.

मानखुर्दची बंद शाळा, फाटकाला साखळी,
आत कुणी खाल्ले एकेचाळीस युनिट?
साहिल म्हणाला, भूत.
दुर्वा म्हणाली, भुताला कशाला लागतेय वीज?

मग आम्ही निघालो, मजल्यामागून मजला,
भिंतींना कान लावत.
पहिला मजला गप्प.
दुसऱ्यावर मुतारीचा नळ, पण नळ काय मीटरवर चढत नाही.
तिसऱ्यावर, पाटी पुसट झालेल्या दाराआड
कुणीतरी झोपेत घोरावं तशी घरघर.

संगणक कक्ष.
किल्ली सामंतबाईंकडे,
सामंतबाईंची बदली मुलुंडला,
मुलुंडहून त्या निवृत्त.
पाष्टेमामांनी शेवटी हातोडी आणली.

आत अठरा अंश.
प्लास्टिकची खोळ घातलेले बारा संगणक,
त्यातला एकही सुरू होत नाही हे सगळ्यांना ठाऊक,
आणि वर एसी, गणपतीपासून मेपर्यंत
त्यांना इमानेइतबारे गार ठेवणारा.
डोक्यावरच्या चौथ्या मजल्यावर
सहावी अ च्या पंख्याला दोनच पाती.

"बाई, पाच मिनिटं."
यल्लप्पाने हात पसरले होते,
शर्टाच्या घामाच्या पट्ट्या वाळत होत्या.
मी टेबलाचे खण उघडले, मिटले,
रिमोट शोधल्यासारखं केलं.
रिमोट माझ्या पदराखाली होता.

पुढच्या महिन्याचं बिल सहा-सात हजारांनी उतरलं.
वॉर्ड ऑफिसने कौतुक केलं,
म्हणजे आणखी एक परिपत्रक पाठवलं.
साहिलने विचारलं, सात हजारांत पंख्याची पाती किती येतात?
मी म्हटलं, उदाहरण चांगलं आहे.
गिम्हवणेकर म्हणाले, लेखाशीर्ष वेगळं पडतं हो, बाई.
लेखाशीर्षचा अर्थ मी फळ्यावर लिहिला नाही.

एक गोष्ट मुलांना सांगायची राहिली.
त्या खिडकीच्या बरोब्बर खाली, मागच्या बोळात,
पाष्टेमामांचं अळू आहे.
भर उन्हाळ्यात हत्तीच्या कानाएवढी पानं.
दोनदा वड्या आणून दिल्या त्यांनी स्टाफरूममध्ये,
आणि मी बोटं चाटत म्हटलं होतं,
हात लागतो हो तुमचा रोपाला.
वरून टपटपणारं पाणी कुठलं,
हे गणिताच्या बाईंनी विचारलं नाही.

एसी बंद झाल्यावर आठवड्यात
पानं माना टाकून बसली.
आता शाळा सुटताना सातवी ब
बाटल्यांतलं उरलेलं पाणी तिथे ओतून जाते.
सांगितलं कुणी, मला माहीत नाही.
दुर्वाने मीटरच्या वहीतच नवा रकाना आखलाय :
अळू, बाटल्या.
काल अकरा, आज चौदा.

रविवारचं कोण बघणार,
ते अजून ठरायचंय.