पावतीवरचा शब्द

एकतीस वर्षं भुसावळच्या पार्सल ऑफिसात
कार्बन घालून, तीन प्रतींत, मी लिहीत आलो:
ब्रिंजल, नग बारा, बामणोद ते कल्याण.
हमाल म्हणायचे वांगी, मीही घरी वांगीच,
पण पावतीवर ब्रिंजल.

रिटायर झालो त्या महिन्यात
मुनाफ रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने
एक जाड कोश घेतला.
पुठ्ठा नाही, पहिली सतरा पानं उंदरांनी नेलेली.
बोट आपोआप त्याच शब्दावर गेलं.

ब्रिंजल इंग्रजांचा नव्हेच.
त्यांना मिळाला पोर्तुगिजांकडून,
पोर्तुगिजांना अरबांकडून, बादिंजान;
अरबांना इराणातून, बादिंगान.
आणि इराणात?
बारीक ठशात, तिसऱ्या प्रतीसारखं फिकट:
संस्कृत, वातिंगण.
त्याच्याही मागे एक प्रश्नचिन्ह,
कुणी दक्षिणेकडचा, विनातिकीट,
नाव न सांगता उतरून गेलेला.

मी चष्मा पुसला.
म्हणजे माल इकडूनच बुक झाला होता!

त्याचा एक भाऊ स्पेनमार्गे गेला,
अंगाला चिकटलेला अरबी 'अल' न झटकता,
आणि फ्रान्सात ऑबर्जिन झाला.
इटलीत तर लोक त्याला वेडं सफरचंद समजले.
गाव सोडलं की
काय काय ऐकून घ्यावं लागतं.

आणि थाळनेरला, फारुकींच्या मुदपाकात,
कुणी बादिंजान म्हणत तुपात सोडत असेल,
तेव्हा कोटाबाहेर, तापीच्या काठाला
कुणी बाई तुरीच्या काड्यांवर वांगं भाजत असेल.
सख्खे चुलत दोघे,
एकाच बाजारात, एकाच तराजूत,
ओळख न देता.

रविवारी बामणोदला गेलो, मुरलीधर ढाक्यांच्या मळ्यात.
हिरवी-पांढरी, हातभर वांगी
राखेतून काढून सोललेली.
वच्छलाबाई बडगीत भरीत ठेचत होत्या.
मी सगळं सांगितलं, लिस्बनपासून बगदादपर्यंत,
मुसळाच्या ठोक्यांमध्ये जागा सापडेल तसं.
त्यांनी कांद्याची पात टाकली, शेंगदाणे टाकले,
हात थांबवला नाही.
"येवढा फिरला?
मंग भाडं कोनं भरलं, भो?"

कोशात तो रकाना नव्हता.
मी कळण्याच्या भाकरीचा कोर मोडला.
मिरची झणझणीत लागली, डोळ्यांत पाणी आलं.
तिचं पान
अजून उघडलेलं नाही.