उरलेल्या चार गोळ्या

पाठ आखडली तेव्हा मी वाकलेलीच होते,
त्यामुळे कुणाला कळलंच नाही.
अरोसाच्या खाडीत ओहोटीला आम्ही सगळ्याच वाकलेल्या,
चाळीस बायका, चाळीस दाताळी,
चिखलातून शिंपल्या उकरणाऱ्या.
बाकीच्या सरळ झाल्या.
मी झाले नाही.

बाल्बिनाने एप्रनच्या खिशातून गोळी काढली.
"नवऱ्याची आहे, मागच्या हिवाळ्यातली.
कसलाही पीळ असू दे, लोण्यासारखा सुटतो."
मी नाव विचारलं नाही, किती मिलिग्रॅम तेही नाही.
कॉफीबरोबर गिळली. कॉफीत दिराने, एलादिओने,
द्राक्षाच्या चोथ्याची दारू घातलेली,
थंडी आहे म्हणून, नेहमीसारखी, बोटभर.

पीळ सुटला. खोटं कशाला बोलू, सुटला.
पण त्याच्यामागून गुडघे सुटले,
आणि भरतीवर ठेवलेलं
पस्तीस वर्षांचं लक्ष सुटलं.
पाणी पोटरीला लागलं ते
दुसऱ्याच कुणाच्या पोटरीला लागल्यासारखं वाटलं.
माझी बादली तरंगत निघाली
आणि मी तिला हात हलवून निरोप दिला म्हणे.
कार्मे सांगते. मला आठवत नाही.
तिनेच मला रबरी पँटच्या पट्ट्याला धरून
शिव्या देत वाळूपर्यंत ओढलं.

डॉक्टर तरुण होती. ओरडली नाही,
म्हणून जास्त लाज वाटली.
तिने माझ्या नावाची चिठ्ठी लिहिली:
सात गोळ्या, रात्री एक, पुढे नाही.
औषधाच्या दुकानात इरियाने खोका हातात दिलाच नाही,
काउंटरवर तळहाताखाली धरून विचारत बसली.
यकृताचं काही? झोपेची गोळी?
रक्तदाबाची?
"ती घेते."
"डॉक्टरला सांगितलंस?"
"तिने विचारलंच नाही," मी म्हणाले.
विचारलं होतं. मी नुसती मान हलवली होती,
घरी जायची घाई म्हणून.
इरियाने फोन उचलला. दोघी माझ्याबद्दल
मी तिथे नसल्यासारख्या बोलल्या,
आणि एकीची अर्धी झाली.
"रात्री उठलीस तर आधी पलंगाच्या काठावर बस,"
इरिया म्हणाली, "मग उभी राहा. घाई नको."

फ्रिजवर आता दोन कागद होते.
ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते.
गोळी सरकत नाही. नऊ म्हणजे नऊ.
एका रात्री विसरले,
तर ती रात्र विसरलेलीच राहू दिली,
दुसऱ्या रात्री दोन्ही अर्धकं घेऊन
उधारी फेडायला गेले नाही.
व्हॅनच्या किल्ल्या साबेलाच्या घरी टांगल्या.
खाडीवर गेले नाही, आठवड्याची कमाई गेली.
एलादिओ बाटली घेऊन आला, त्याच्याकडे पाठ फिरवली;
फिरवताना कळ आली, पण फिरवली.
घर फार शांत होतं. सकाळी तोंड कोरडं,
बोटं दुसऱ्याची.
आठव्या दिवशी उभी राहून मोजे घातले.

खोक्यात चार उरल्या.

परवा बाल्बिना माझ्या शेजारी वाकली
आणि तशीच राहिली.
"तुझ्याकडे आहेत ना उरलेल्या?"
आम्ही एकमेकींना काय नाही दिलं:
मीठ, हातमोजे, पैसे,
एकदा तर पंधरा दिवसांसाठी तान्हं पोर.
नाही म्हणायला जीभ वळेना.
माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात खोका होता,
इरियाकडे परत द्यायचा म्हणून आठवडाभर फिरवत होते.
हात तिथपर्यंत गेला.
मग म्हटलं, "व्हॅनमध्ये बस."

तिला डॉक्टरकडे नेलं, तिथून इरियाकडे.
दुकानाच्या दाराशी जुन्या औषधांची पांढरी पेटी आहे,
तीत खोका टाकला. एकदाच आवाज झाला,
वाटला होता त्याहून लहान.
बाल्बिना बाकावर वाकूनच बसलेली,
इरियाच्या प्रश्नांना तुटक उत्तरं देत,
मधूनच माझ्याकडे बघून "कंजूष" म्हणत.
मी तिची बादली मांडीवर धरून बसले.