आखूड पाती

उर्राकच्या बाटलीचं बूच.
मधोमध भोक पाडलं, हॅक्सॉच्या पात्याने
कडेला तीन चिरा दिल्या.
अंतर डोळ्यांनीच सारखं केलं.
चाळीस वर्षं माडाच्या शेंड्यावर बसून
नारळ डोळ्यांनीच मोजले,
चूक झाली तर भाटकाराच्या बाजूने.

बाण पोफळीच्या कांबीचे, दोन वितींचे,
बाटलीच्या काचेने तासलेले,
ओट्यावर लोळवून पाहिलेले.
जो ठेचकाळत लोळला तो चुलीत.

धनुष्य आगुश्तीनने केलं,
मोडक्या जीपच्या पाट्याचं, आडवं,
दस्ता मट्टीचा.
म्हणाला, सुटलं तर देवाला आठव, माझं नाव घेऊ नको.

माझ्या फणसाची एक सुकी फांदी
एर्मेलिंदाच्या कौलांवर झुकली आहे.
वरच्या जिवंत फांदीवरून दोरी गेली
की सुकीला बांधून हळू उतरवायची,
एवढंच काम.
पण दोरी वर नेणारा माणूस
बोरीत एकच होता
आणि तो आता जिना चढताना कठडा धरतो.

आधी कोंबड्याची पिसं लावली. लांब.
बाण दिसला राजाचा,
सुटला आणि वळून
एर्मेलिंदाच्या डुकराच्या खोपीत शिरला.
डुक्कर शहाणं, धनुष्य ताणतानाच उठून गेलं होतं.
"आतां म्हाकाच मार मरे!"
कुंपणापलीकडून ती. हातात कोयता.

रात्रभर विचार केला.
लांब पिसारा म्हणजे बाजाराला निघालेला माणूस,
भेटेल त्या वाऱ्याशी थांबून बोलतो.
आखूड पातं नुसती मान हलवतं, पुढे जातं.
पण ताठ हवं. आणि उंच. आणि पातळ.
मी घरभर पाहिलं: दुधाची पिशवी, तेलाचा डबा,
मतदानाच्या वेळचा फलक.
शेवटी कपाटावर
फोंड्याच्या इस्पितळातलं पाकीट.

गुडघ्याचा एक्स-रे. माझाच.
डॉक्टरने उजेडाला धरून दाखवला होता,
"वाटी झिजली" म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, पाऊस आला.

कात्रीने चर्र कापला.
दोन बोटं लांब, एक बोट उंच,
खाली सुतभर दुमडलेलं, डिंकासाठी.
एका पात्यावर वाटीची कड आली,
एकावर नळीचा पांढरा दांडा,
तिसऱ्यावर काही नाही, नुसता काळोख.
तेच खोबणीत बसवायचं ठरवलं.
खोबणीत जाणारं पातं चुकलं
तर बाकी दोन कितीही सरळ असू देत.

बुचाच्या चिरांतून पाती खाली सोडली,
किंचित तिरकी, भाताच्या लोंबीसारखी,
म्हणजे बाण फिरत जातो.
डिंक थेंबाथेंबाने.
दमट हवेत तो लगेच धरतो
आणि कडेला पांढरा धूर सोडतो.
तो धूर हाडावर चढला. पुसला नाही.

संध्याकाळी, वारा पडल्यावर,
रीळ पायाशी, तारेची कडी बाणाच्या टोकाशी.
एर्मेलिंदाने डुक्कर मागच्या दारी बांधलं,
स्वतः दारात उभी राहिली, खुरीस करून.

ट्रिगरचा आवाज नारळ पडल्यासारखा.
रीळ गरगरलं.
वर पानांत काही खसखसलं,
मग बराच वेळ काही नाही.

पलीकडच्या बाजूने
बाण दोऱ्याला लोंबकळत खाली आला,
तिच्या छातीच्या उंचीवर थांबून हलत राहिला.
तिने बोट लावलं.
"हें किदें रे? हाड?"

गुडघो, मी म्हणालो.

तिने वर फणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग कोयत्याने दोरा तोडू का विचारलं.
नको म्हटलं. त्याला जाड दोरी बांध,
मी इकडून ओढतो.

एक पातं सुटलं होतं, खोबणीतलं.
पाकिटात अजून दुसरा एक्स-रे आहे,
बाजूने काढलेला.